इतवाऱ्याच्या गल्लीत फोर बाय फोर

बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात मोठी गाडी घ्यायची तर आधी गल्ली मोजावी लागते. नागपूरची इतवारी, पुण्याची रविवार पेठ, तसा आमचा इतवारा. नाव रविवारच्या बाजाराचं, गर्दी मात्र सातही दिवसांची. जुन्या शहरातल्या या गल्ल्या पायी चालणाऱ्यांसाठी, घोड्यांसाठी आणि फार तर एखाद्या बैलगाडीसाठी घडल्या. आज त्याच गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारसायकली, ओट्यावर बसलेले आजोबा, मध्ये ई-रिक्षा आणि त्यातून वाट काढणारी एखादी पांढरी सात सीटर. एसी चालू असूनही ड्रायव्हरच्या कपाळावर घाम दिसतो.

तरीही अशा गाड्या आमच्याकडे वाढतायत. जिल्ह्याची ओळख केळी. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेतही बऱ्हाणपूरच्या नावापुढे केळीच आहे. ज्या वर्षी केळीला भाव लागतो त्या वर्षी कोणाच्या तरी घरावर मजला चढतो, नाहीतर दाराशी मोठी गाडी येते. नवी परवडत नाही म्हणून जुनी. आमच्या घरात हा योग मागच्या दिवाळीला आला. चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, केळीवाला. ठिबकचं कर्ज फिटून हातात पंचवीस लाख उरले होते, त्यातले पाच पुतणीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवायचे होते. उरलेल्या वीस लाखांत त्याला फोर-व्हील-ड्राइव्ह हवी होती, आणि तीही ‘बडी’. मी पुण्याहून सुट्टीला आलेला. माझी बीई कॉम्प्युटरची, पण घरच्यांच्या लेखी इंजिनीअर म्हणजे इंजिनचा जाणकार. “तू बघ रे जरा,” एवढ्यावर माझी नेमणूक झाली.

दादाला पसंत पडलेली गाडी इंदूरच्या एका डीलरकडची होती. जर्मन बनावटीची, सात सीटर, डिझेल, २०१६ची, दिल्ली पासिंग. मीटरवर ६२ हजार किलोमीटर. मागणी साडेअठरा लाख. नवी असताना हीच गाडी पाऊण कोटीच्या घरात होती, आणि दादाचा सगळा हर्ष त्या फरकात होता.

मला वाटतं, जुनी आलिशान गाडी बघताना नेमकी इथेच गल्लत होते. गाडीची किंमत दहा वर्षांत चौथ्या हिश्श्यावर येते, पण तिच्या सुट्या भागांची येत नाही. साडेअठरा लाखांना घेतलेल्या पाऊण कोटीच्या गाडीला भाग पाऊण कोटीच्या गाडीचेच लागतात. आम्ही चार टायरचा भाव काढला तर तो लाखाच्या पुढे गेला. हवेच्या सस्पेन्शनचा एक कोपरा बिघडला तर पुन्हा लाखाच्या आसपास. म्हणजे दोन-तीन मोठी कामं एकदम निघाली की पुतणीचं पहिलं वर्ष गॅरेजमध्ये जमा. दादाला मी हे एकदाच सांगितलं आणि मग गाडी बघायला बसलो.

इंपोर्टेड गाडीचं आकर्षण या देशात जुनं आहे. इंग्रज वकील सर थॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना नोव्हेंबर १६१५ मध्ये आमच्या बऱ्हाणपुरात थांबला होता. शहजादा परवेझचा मुक्काम तेव्हा इथे होता. पुढे अजमेरला रोने जहांगीर बादशहाला एक इंग्लिश बनावटीची घोडागाडी नजर केली. बादशहाने ती सुटी करून तिच्यासारखी दुसरी बनवून घेतली आणि मूळ गाडीचं आतलं कापड बदलून आपल्या पसंतीचं लावलं. गाडी हातात आली की आधी सीट कव्हर बदलायची ही आपली परंपरा तेव्हापासूनची असावी. गंमत सोडा, पण विकणाऱ्यालाही हे माहीत असतं. म्हणून जुन्या गाडीत सगळ्यात चकाचक असतं ते सीट कव्हर, आणि म्हणूनच त्यावरून काही ठरवायचं नसतं. आमच्या गाडीचं कव्हर नवं कोरं होतं, पण ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड खालून बसलेली होती आणि ब्रेक पेडलचं रबर एका बाजूला गुळगुळीत झालेलं. ६२ हजार किलोमीटरमध्ये इतकं होत नाही.

आधी कागद. गाडी दिल्लीची आणि डिझेल असेल तर ती स्वस्त का, याचं कारण बहुतेक वेळा गाडीत नसतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल हा निकष कायम केला, पुढे त्यात फेरफारही होत गेले. परिणाम एवढाच की नऊ वर्षांची डिझेल गाडी दिल्लीवाल्याला लवकर काढायची असते आणि ती लखनौ, जयपूर, इंदूर अशी खाली उतरते. यात वावगं काही नाही. पण ‘दिल्लीची म्हणून स्वस्त’ या वाक्याआड ‘आपटलेली म्हणून स्वस्त’ आणि ‘पुरात बुडालेली म्हणून स्वस्त’ याही गाड्या लपतात.

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की पुष्कळ कळतं: नोंदणीची तारीख, मालक पहिला की तिसरा, बँकेचा बोजा आहे का, विमा कधी संपतो. डीलर म्हणत होता ‘सिंगल ओनर’, ॲपने तिसरा मालक दाखवला. चलान वेगळं तपासायचं. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही. परराज्यातली गाडी असेल तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि हस्तांतराचे फॉर्म २९ व ३०. मोटार वाहन कायद्यानुसार गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे आमच्याकडे एमपी ६८. त्यासाठी मध्य प्रदेशचा रोड टॅक्स पुन्हा भरायचा, आणि पहिल्या राज्यात भरलेल्याचा परतावा आपणच मागत बसायचा. हा आकडा गाडीच्या किमतीत मिळवूनच घासाघीस करावी. विम्याचंही तसंच: पॉलिसी चौदा दिवसांच्या आत नावावर करून घ्यायची, आणि जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, आपल्याला मिळत नाही. त्यामुळे हप्ता डीलर सांगतो त्याहून जास्त बसतो.

जे वाचक गाडी विकणारे आहेत त्यांनाही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी एजंटच्या हवाली करायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी प्रत्यक्षात तीन हात पुढे गेलेली असली तरी. तेव्हा गाडी गेली म्हणून मोकळं झालो असं समजू नका, नोंदीतून नाव गेल्याचं ॲपवर बघा.

आता चासी नंबर. दाराच्या चौकटीवर, काचेखाली आणि चासीवर ठोकलेला, असा तो तीन ठिकाणी पाहून आरसीशी जुळवायचा. १७ अक्षरं-अंक असतात, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, कारण ते एक आणि शून्याशी घोटाळा करतात. ठोकलेल्या नंबराच्या आजूबाजूला घासल्याच्या खुणा किंवा नवा रंग दिसला तर उठून घरी यावं. बऱ्हाणपूरला हा विषय नवा नाही. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि हे शहर मुघलांच्या दख्खनच्या मोहिमांचं ठाणं झालं. त्या फौजेत घोड्याला ‘दाग’ देण्याची पद्धत अकबराने १५७०च्या दशकात लावली होती. कारण साधं होतं: हजेरीला सरदार उसने चांगले घोडे उभे करायचे आणि मोहिमेवर तट्टं यायची. म्हणून घोड्याच्या अंगावर छाप आणि स्वाराच्या वर्णनाचा कागद, ज्याला ‘चेहरा’ म्हणत. चासी नंबर आणि आरसी यांचं नातं तेच आहे.

घोड्याचीच गोष्ट निघाली म्हणून टायर. आमच्याच तापीच्या काठी, नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जाणता गिऱ्हाईक आधी घोड्याचं तोंड उघडून दात बघतो, वय तिथे कळतं. गाडीचे दात म्हणजे टायर. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर वाचा, स्टेपनीही वाचा. आमच्या गाडीला पुढचे दोन एका कंपनीचे २०२४चे, मागचे दोन दुसऱ्या कंपनीचे २०१९चे आणि जवळजवळ टक्कल पडलेले. साध्या गाडीत हे फार तर कंजूषपणाचं लक्षण. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये हे आजाराचं कारण आहे. नव्या टायरचा घेर मोठा, झिजलेल्याचा लहान. मग एकच अंतर कापायला पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे फेरे घ्यावे लागतात. चारही चाकं एकमेकांना जोडलेली, त्यामुळे तो फरक मधल्या डिफरन्शियलला किंवा ट्रान्सफर केसला रात्रंदिवस सोसावा लागतो. ती गरम होते, झिजते, आणि बिघडली की बिल लाखांत येतं. चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि साधारण सारखे झिजलेले नसतील तर आधीच्या मालकाला आपली गाडी काय आहे हेच कळलेलं नव्हतं, असं मी समजतो.

माझा आवडता भाग स्कॅनरचा, तो जरा लांबवतो. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्याला ओबीडी म्हणतात. हजारभर रुपयांत मिळणारं ब्लूटूथ यंत्र त्यात खोचलं की फोनवर इंजिनचे आकडे दिसतात. आमच्या धंद्यात सर्व्हर काय बोलतो यापेक्षा लॉग काय बोलतो ते बघायची सवय असते, इथेही तेच. डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता, एकही एरर कोड नव्हता. डीलरचा माणूस खूश होता. पण त्या यंत्राला आणखी एक प्रश्न विचारता येतो, तो फार कोणी विचारत नाही: कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती चालली? उत्तर आलं, १८६ किलोमीटर. गाडी आदल्या दिवशी इंदूरहून चालवत आणली होती. इंदूर ते बऱ्हाणपूर साधारण १८०. म्हणजे निघण्याआधी कोणीतरी गाडीची स्मृती धुऊन पाठवली होती. काय पुसलं हे कळलं नाही, पण काहीतरी पुसलं हे कळलं.

हे स्वस्त यंत्र फक्त इंजिनपुरतं. एअरबॅग, गिअरबॉक्स, सस्पेन्शन यांचे कोड वाचायला त्या त्या कंपनीचं यंत्र लागतं. मोठ्या शहरांत असे स्वतंत्र गॅरेजवाले आहेत, त्यांना दोन-चार हजार देणं हा या व्यवहारातला सगळ्यात फायद्याचा खर्च. त्या यंत्रावर आणखी एक गोष्ट दिसते. मीटर मागे फिरवणारा डॅशबोर्डचा आकडा बदलतो, पण अनेक गाड्यांत किलोमीटरची नोंद इतर मॉड्यूलमध्येही राहते, काहींच्या तर किल्लीत. तिथे दुसरा आकडा निघाला की बोलणंच संपलं. चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून मागची नोंद मागता येते, तीही मागावी. दोन्ही किल्ल्या मागाव्यात. हरवलेली किल्ली या गाड्यांत हजारांत नव्हे, कितीतरी हजारांत पडते. आणि गाडी ॲपला जोडलेली असेल तर जुन्या मालकाचं खातं काढून टाकायचं. नाहीतर आपली गाडी रात्री कुठे उभी आहे हे दिल्लीतला एक अनोळखी माणूस फोनवर बघत बसेल, मनात आलं तर दारही उघडेल.

यापुढचं काम माझं नव्हतं, मिस्त्रीचं होतं. लालबागच्या बाजूला एक जुने मिस्त्री आहेत, काका त्यांच्याकडेच ट्रॅक्टर नेतात. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच गाडी रॅम्पवर चढवली. “ऊपर से क्या देखना भैया, ऊपर तो पॉलिश है.” त्याच परिसरात आमचा कुंडी भंडारा आहे. पाहिला नसेल तर जरूर पाहा. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणलं. वर दिसतात त्या शंभरावर कुंड्या, विहिरीच्या तोंडांसारख्या एका ओळीत. खरं काम सगळं खाली. लिफ्टने सुमारे ऐंशी फूट उतरलं की कळतं. शहर वरून पाहून ज्यांना बऱ्हाणपूर कळलं असं वाटतं, त्यांना ते अर्धंच कळलेलं असतं. फोर-व्हील-ड्राइव्हही तशीच, तिचा खर्चिक भाग सगळा पोटाखाली.

मिस्त्रींनी काय बघितलं ते सांगतो. एक्सलच्या टोकांची रबरी बूटं फाटलीत का; फाटली की ग्रीस उडून जातं, धूळ आत जाते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवलं की कट-कट आवाज येतो. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून ढिले आहेत का. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलच्या सांध्यांवर तेल झिरपलंय का. त्यांनी पुढच्या डिफरन्शियलचा बोल्ट ढिला करून बोटावर तेल घेतलं, उन्हात धरलं. चमचमणारी बारीक धातूची कीस होती. थोडी कीस चालते, म्हणाले, ही थोडी नाही. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, कारण पुरात बुडालेल्या गाडीची सीट धुतात, मॅट बदलतात, पण बेल्टचा आत गुंडाळलेला शेवटचा वीतभर पट्टा कोणी धूत नाही. तिथे गाळाची रेघ राहते. आमचा पट्टा स्वच्छ होता. निदान बुडालेली नव्हती.

रात्रभर गाडी तिथेच ठेवली. हवेच्या सस्पेन्शनची ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे आणि फुकटची. संध्याकाळी चारही चाकांच्या कमानीपाशी जमिनीपासूनची उंची मोजायची, सकाळी इंजिन चालू करण्याआधी पुन्हा मोजायची. सकाळी डावी मागची बाजू दीड इंच खाली बसली होती. इंजिन चालू झालं, पंपाने घरघर केली, गाडी पुन्हा सरळ झाली. आदल्या दिवशी दुपारी बघणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. थंड इंजिन चालू होताना मागे उभं राहायचं तेही सकाळीच: काळा धूर, निळा धूर, आवाज कसा आहे. म्हणून विकणाऱ्याला सांगावं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावून बघावा.

दादाने गाडी परत पाठवली. बयाणा दिलेला नव्हता, म्हणून नुसती परत गेली. दोन दिवस तो माझ्याशी मोजकंच बोलला.

दुसरी गाडी जळगावची निघाली. एमएच १९, जपानी, २०१७ची, एकाच मालकाची, एक लाख चोवीस हजार किलोमीटर चाललेली, भाव जवळपास तेवढाच. दादाला हा आकडाच पचेना: “दुप्पट चाललेली आणि त्याच भावात?” पण हे एक लाख चोवीस हजार सर्व्हिसच्या प्रत्येक पावतीवर चढत्या क्रमाने छापलेले होते. मला खोट्या बासष्टपेक्षा खरे एकशे चोवीस केव्हाही चालतात.

जाता जाता एक सावधगिरी: अशा गाड्यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये फोर बाय टू आणि फोर बाय फोर दोन्ही येतात, दिसायला सारख्या. मागचं ‘फोर बाय फोर’ हे चिन्ह बाजारात चिकटवायला मिळतं. आतलं बटण किंवा लिव्हर बघा, आणि खाली वाकून पुढच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट आहेत का बघा. नुसतं ‘ऑल-व्हील’ आणि लो-रेंजवाली खरी फोर बाय फोर यातही फरक आहे. शहरातल्या पावसाला पहिली पुरते, चिखलात रुतलेली ट्रॉली ओढायची तर दुसरीच लागते.

ही गाडी आम्ही तीन ठिकाणी चालवली. पहिल्यांदा असीरगड. शनवाऱ्यातून बाहेर पडून निंबोल्यावरून वीसेक किलोमीटरवर किल्ला. दख्खनचा दरवाजा म्हणतात त्याला; १७६०च्या उदगीरच्या तहात बऱ्हाणपुराबरोबर तो मराठ्यांकडे आला, १८१९ मध्ये इंग्रजांनी कायमचा घेतला. आम्हाला त्याचा चढ हवा होता. पाच माणसं, एसी पूर्ण, आणि नजर फोनवर. डॅशबोर्डचा तापमानाचा काटा मुद्दामच आळशी केलेला असतो, तो मधोमध बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्कॅनरवर खरा आकडा दिसतो. चढावर तो नव्वदीतच राहिला. उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडी धरतं का, ब्रेक मारला की पेडल थरथरतं का, तेही बघितलं. पेडल थरथरत होतं, ब्रेक डिस्क बदलायला झाल्या होत्या. हा दोष भावात वजा करून घेता येतो, म्हणून मला असे दोष आवडतात.

वर गेलोच होतो म्हणून तटावर जरा बसलो. सातपुड्याची रांग, खाली केळीचे हिरवे चौकोन. पुतणीने विचारलं, औरंगजेब, अकबर, सगळे इथे कशाला येत होते? दादा म्हणाला, “पलीकडे जायला हाच रस्ता होता, म्हणून.” इतिहासाच्या पुस्तकाने तिला हे इतक्या थोडक्यात सांगितलं नसेल.

दुसऱ्यांदा इच्छापूरचा रस्ता, सरळ आणि वेगाचा, देवीचं दर्शन अंगाबरोबर. वेगात स्टिअरिंग सोडल्यासारखं हलकं धरलं तर गाडी एका बाजूला ओढते का, एवढंच तिथे बघायचं असतं.

तिसऱ्यांदा दादाच्या शेतातली गाडवाट. खरी परीक्षा ही. अशा पार्ट-टाइम फोर-व्हीलला डांबरी रस्त्यावर चार चाकं जोडून तपासायचं नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब वाट कापतात, मध्ये तो फरक सांभाळणारं डिफरन्शियल नसतं, आणि कोरड्या डांबरावर चाक घसरूही शकत नाही. मग सगळा ताण सांध्यांवर येतो, गाडी वळताना अडखळते. काळ्या ओल्या मातीत मात्र चाक थोडं सरकतं आणि ताण सुटतो. तिथे आधी टू-व्हीलमध्ये रुतू दिली, मग फोर-हाय, मग थांबून न्यूट्रलमध्ये लो-रेंज. दिवा लुकलुकून स्थिर झाला, खालून एक ‘टक’ आवाज आला, आणि गाडी ॲक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, चिखलातून बैलासारखी चालत बाहेर आली. जळगावचे मालक म्हणाले, नऊ वर्षांत हे बटण मी दोनदाच दाबलं. हीसुद्धा बघण्याची गोष्ट आहे: वर्षानुवर्षं न वापरलेली फोर-व्हील गंजून अडकते. अधूनमधून ती लावून चार पावलं चालवावी, असं मिस्त्री सांगतात.

भाव ठरला, ब्रेकचे पैसे वजा झाले. फॉर्म २८ जळगावच्या आरटीओतून निघायला काही आठवडे गेले, तोवर दादाने पूर्ण रक्कम दिली नाही, आणि मालकांनीही ते समजून घेतलं. पुतणीच्या पाच लाखांना हात लागला नाही.

गल्लीचं गणित असं सुटलं. जर्मन गाडी आरसे धरून सात फुटांच्या वर जात होती. ही आरसे मिटले की सहा फुटांच्या जरा वर. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने पायरीवरची पोती आत घेतली तर ती घरापर्यंत येते. आमच्या यादीत नसलेली एक तपासणी मात्र गाडी दारात आल्यावर झाली. काकू सत्तरीच्या, गुडघ्यांचं दुखणं. ओवाळून झालं, नारळ फुटला, आणि दार उघडून त्या पायरीकडे बघत उभ्या राहिल्या. “बैलगाडीला चढायला जू तरी धरता यायचं,” म्हणाल्या, “इथे काय धरू?” दुसऱ्या दिवशी दादा फूटबोर्ड बसवून आणायला गेला. जमिनीपासून चौदा इंच, काकूंच्या पायाने मोजून.